तीन ठिपके, दोन चुली

तिसरा लाल ठिपका फळ्यावर चिकटला तेव्हा धाकटी हातात झाडू घेऊन फळ्याखालीच उभी होती. आपल्याच घराच्या नावापुढे, आपल्याच डोळ्यांदेखत. आणि ठिपका कशाबद्दल, तर थोरली जाऊ धडा घ्यायला आली नाही म्हणून. धाकटीने कोपरा न् कोपरा झाडून काढला होता, सतरंज्या सरळ केल्या होत्या, नकाशाही भिंतीवर टांगून ठेवला होता. नकाशा शिकवायची ती मात्र पत्ता सापडत नसल्यासारखी गायब.

रंगाच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये घरशाळेचं मंडळ भरायचं. मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणारी पंधरावीस कुटुंबं आठवड्यातून दोन दिवस इथे एकत्र यायची. धडे आईबापच घ्यायचे, झाडलोट आईबापच करायचे, हॉलची किल्लीसुद्धा पाळीपाळीने सांभाळायचे. जे घर पाळी चुकवील त्याच्या नावापुढे लाल ठिपका. तीन ठिपके झाले की प्रोबेशन. प्रोबेशनमध्ये चौथा पडला की नाव कमी. नाव कमी झालेल्या घरातल्या मुलाला मोठ्या परीक्षेला बसता येत नसे, कारण घरी शिकणाऱ्यांचे परीक्षेचे अर्ज मंडळामार्फतच जात.

आणि धाकटीची मुलगी यंदाच त्या परीक्षेला बसणार होती. पंधरा वर्षांची झाली तरी घरात तिला छकुली म्हणत, आणि प्रत्येक वेळी ती तोंड वाकडं करी. दोन वर्षं तिने या परीक्षेसाठी मान खाली घालून अभ्यास केला होता. अर्ज जायला महिनाभर राहिला होता.

पहिला ठिपका थोरली तासभर उशिरा आली म्हणून. वाटेत चपला शिवणाऱ्याची बायको भेटली होती आणि तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला काय नुसतं हात हलवून पुढे जायचं? दुसरा ठिपका थोरली हॉलची किल्ली पदराला बांधून कुणा बाळंतिणीला भेटायला गेली तेव्हा. सगळं मंडळ पोराबाळांसकट जिन्यावर बसून राहिलं होतं. आणि हा तिसरा.

घरी परतताना धाकटीला ती सापडली. लाँड्रीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर नकाशा दाखवायची काठी. लाँड्रीवाल्याची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दूरच्या गावी गेली होती आणि तो इस्त्री बाजूला ठेवून डोळे पुसत होता. थोरलीने धाकटीला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस. बस. यांची मुलगी गेली गं." मग जरा थांबून, "अगं, आज गुरुवार आहे का?"

धाकटी बसली नाही. काही बोललीही नाही. बोलून उपयोग नसतो हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. थोरली भांडत नसे, हीच तर पंचाईत होती. ती लगेच म्हणायची, चुकलं गं माझं, आणि इतक्या मनापासून म्हणायची की रागावणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. कीर्तनकार बुवा मूळ पद सोडून भलतीकडे जातात, एक दाखला, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. पण ते शेवटी पदावर परत येतात. थोरली गेली की गेली. परत आणायला माणूस पाठवावा लागे, आणि तो माणूस कायम धाकटी असे.

दुसऱ्या दिवशी धाकटी मंडळाच्या अध्यक्षबाईंना भेटायला गेली. त्या पूर्वी खेळाच्या शिक्षिका होत्या आणि गळ्यात अजून शिट्टी घालत, म्हणून मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत. बाईंनाही ते माहीत होतं. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि नियमांची वही पुढे ओढली.

धाकटीने आपलं म्हणणं मांडलं. तिच्या स्वतःच्या पाळ्या एकदाही चुकलेल्या नाहीत. तिची मुलगी मंडळाच्या एकाही दिवसाला गैरहजर नाही. जाऊबाईंचे जुळे मुलगे अजून लहान आहेत, त्यांची कसली परीक्षा नाही. मग सुक्याबरोबर ओलं का जळावं?

शिट्टीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, पूर्वी नियम नव्हते तेव्हा चार घरं राबायची आणि बाकीची घरं पोरं इथे सामानासारखी ठेवून बाजाराला जायची. ती राबणारी चारही घरं शेवटी कंटाळून निघून गेली. "नियम मी माणसं घालवायला नाही केले," त्या म्हणाल्या, "माणसं टिकावीत म्हणून केले. ठिपका माणसाला नसतो, कुटुंबाला असतो. आणि तुमचं कुटुंब एक आहे."

एक कसं, असं धाकटीने विचारताच बाईंनी वहीतलं एक वाक्य वाचून दाखवलं. जे एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब.

ते वाक्य ऐकून धाकटीने कपाळावर हात मारला. ते तिच्या सासूबाईंचं होतं. नाव नोंदवायला सगळे मिळून आले होते तेव्हा शिट्टीबाईंनी सहज विचारलं होतं, एक कुटुंब लिहू की दोन? दोघी सुना एकमेकींकडे बघत असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, यात विचारायचं काय, एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते सगळ्या मंडळासाठी नियमात घालून टाकलं होतं. सासूबाई महिनाभर ज्याला त्याला हे सांगत होत्या.

"मग स्वयंपाकघर वेगळं केलं तर?" धाकटीने विचारलं. विचारून झाल्यावर तिलाच तो प्रश्न तोंडातून कसा निघाला कळेना.

शिट्टीबाईंनी पेनाने शिट्टीवर टकटक केलं. खरोखर वेगळं असेल, तर नवं कुटुंब म्हणून नोंद करावी लागेल, त्या म्हणाल्या. नव्या कुटुंबाची पाटी कोरी. मात्र देखाव्यापुरतं चालणार नाही. अर्ज पाठवण्याआधी समितीची दोन माणसं घरी येऊन बघून जातील.

संध्याकाळी धाकटीने घरात हे सांगितलं. मोठे भावजी सायकली दुरुस्त करत. त्यांनी नखांतलं ग्रीस काढायला घेतलं, जणू आयुष्यात आजच ते दिसलं. धाकटीचा नवरा चष्म्याच्या दुकानात होता. त्याने चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला. या घरातल्या पुरुषांना कठीण प्रसंगी हातांना काम सापडतं, ही त्यांची जुनी खोड. थोरली रडवेली झाली. चुकलं गं माझं, म्हणाली. छकुलीची परीक्षा माझ्यामुळे जाणार असेल तर चूल काय, घर वेगळं कर.

उरल्या सासूबाई. त्या रोज पहाटे छोट्या रेडिओवर कीर्तन ऐकत आणि दिवसभर त्यातलं एखादं वाक्य जिभेवर घोळवत. आज त्यांना एकही वाक्य सुचलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मांडा. मुलीचं वर्ष जायला नको."

मागच्या बाजूला कपडे वाळत घालायची एक अरुंद खोली होती. तिथे धाकटीने दोन बर्नरची शेगडी मांडली. फळी ठोकली, तिच्यावर डबे लावले. कोणता डबा कुणाचा यावर कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. थोरलीने तिला मोठं पातेलं दिलं, चांगली सुरी दिली, लाटणंही दिलं आणि स्वतः बाटलीने लाटायला लागली.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच थोरलीने एक नियम तंतोतंत पाळला. नेमका हा.

धाकटीला वाटलं होतं, नाव वेगळं, काम तेच. थोरली पूर्वीसारखीच हातात चमचा घेऊन येईल, चव बघ म्हणेल, वाटीभर काहीतरी ठेवून जाईल, आणि आपण तिला हाकलता हाकलता दमू. पण थोरली येईना. मागच्या खोलीच्या दारापाशी आली तर उंबऱ्याबाहेर उभी राहायची. "आत नाही येत गं, बाईंना कळलं तर?" जुळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं की काकूच्या स्वयंपाकघरातला शेंगदाणासुद्धा उचलायचा नाही. ते दोघे बिचारे पाठीमागे हात बांधून दारातून डब्यांकडे बघत, एखाद्या प्रदर्शनाला आल्यासारखे. धाकटीने त्यांना बोलावलं तर एक म्हणाला, आमची आई म्हणते आम्ही दुसरं कुटुंब आहोत. दुसरा म्हणाला, पण शेंगदाणे आम्हाला आवडतात.

धाकटीचा संताप संताप झाला. वेळेवर या म्हणून इतकी वर्षं सांगतेय ते पालथ्या घड्यावर पाणी, आणि हे मात्र एकदा सांगितलं तर अक्षरन् अक्षर!

त्यात छकुली. तिचा अभ्यास मुख्य स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. ती मोठ्याने वाचायची आणि काकू भाजी निवडता निवडता विचारायची, "म्हणजे काय गं?" काकूला एकदा सांगून कळायचं नाही. छकुली चिडायची, परत सांगायची, उलटंसुलटं करून सांगायची, बटाटे मांडून सांगायची, आणि काकूला कळेपर्यंत तिला स्वतःला पाठ झालेलं असायचं. आता ती मागच्या खोलीत शेगडीशेजारी बसून मनात वाचू लागली. एक धडा आठवडा झाला तरी पुढे जाईना. धाकटी म्हणाली, मला सांग, मी ऐकते. छकुली म्हणाली, "तुला सगळं येतं. तुला सांगण्यात काय अर्थ आहे?"

सासूबाई तेवढ्या सुख देत होत्या. पहिल्याच दिवशी धाकटी धरून चालली होती की त्या थोरलीकडेच जेवतील. थोरला मुलगा, मोठं स्वयंपाकघर, बसायची सवयीची जागा. पण दुपारी त्या काठी टेकत मागच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. वाढ, म्हणाल्या. धाकटीला भरून आलं. तिने भात वाढला, भाजी वाढली, वर आणखी वाढली. सासूबाई सावकाश, थांबून थांबून जेवल्या. रोज असंच. थोरलीला किती वाईट वाटत असेल, असं धाकटीच्या मनात येई. पण वाईट वाटून घ्यायला तिला वेळ कुठे असतो, असंही येई, आणि ती सासूबाईंच्या ताटात अजून एक डाव भात घाली. आईंची तब्येत मात्र जरा जड वाटत होती. दुपारी पडून राहायच्या. औषधांच्या दुकानात स्वतः चालत जायच्या आणि कशाला गेला होतात विचारलं तर, पाय मोकळे करायला, म्हणायच्या.

समितीची माणसं आली ती दुपारच्या जेवणानंतर. शिट्टीबाई आणि औषधवाले. औषधवाल्यांची मुलगी मंडळात होती, आणि कोपऱ्यावरचं दुकान त्यांचंच. गरीब स्वभावाचा माणूस, दुसऱ्याच्या घरात जाऊन चुली बघायच्या म्हणून आधीच लाजलेला.

शिट्टीबाईंनी लाजबीज काही बाळगली नाही. त्यांनी मुख्य स्वयंपाकघर पाहिलं. मग मागची खोली. शेगडीवर बोट फिरवून पाहिलं. बोटाला तेल लागलं. डबे उघडून पाहिले. केराची टोपली पाहिली, तीत भाजीची देठं होती. धाकटी शेगडीपाशी उभी होती. छकुली दारात, आणि थोरली नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर, अगदी नियमाप्रमाणे.

"ठीक आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "खरं दिसतंय. नावं सांगा, नवीन नोंद करू." त्यांनी धाकटीचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, छकुलीचं लिहिलं. मग सहज, पान उलटता उलटता, "आणि आजी? त्या कोणाकडे जेवतात?"

"माझ्याकडे," धाकटी म्हणाली.

"माझ्याकडे," थोरली म्हणाली.

दोघी एकाच वेळी बोलल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"आजी?" शिट्टीबाईंनी विचारलं. "कधी इकडे, कधी तिकडे, असं का?"

"कधी कधी नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "रोज. आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे."

"दोन वेळा जेवता? पूर्ण?"

"वाढतात त्या. मग टाकायचं कसं?"

औषधवाल्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "आजी, तरीच तुम्ही रोज पोटाच्या गोळ्या नेता!" बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण गोळी बाहेर पडली होती.

धाकटीला हसावं की रडावं ते कळेना; आधी रागच आला. तिने विचारलं, आई, हे काय केलंत? सांगायचं तरी होतं. महिना काढायचा होता फक्त. एकीचं नाव घ्यायचं होतं.

"दोघी विचारायच्या, आई जेवलात का," सासूबाई म्हणाल्या. "दोघींना हो म्हणायचं तर दोनदा जेवावं लागतं. खोटं कसं बोलणार? सकाळी देवाचं ऐकायचं आणि दुपारी सुनांना फसवायचं?"

थोरलीने पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय ते कळत नव्हतं, बहुधा दोन्ही. ती म्हणाली, आई, मी तर रोज गोडसुद्धा करत होते तुमच्यासाठी. सासूबाई म्हणाल्या, ते ठाऊक आहे मला, ते कुठे बसतं तेही ठाऊक आहे.

शिट्टीबाईंनी पेनाला टोपण घातलं. त्यांचा आवाज रागीट नव्हता, उलट जरा थकलेला होता. "नियमाप्रमाणे, एका स्वयंपाकघरात जेवणारे एक कुटुंब. आजी या स्वयंपाकघरातल्या आहेत, म्हणजे या कुटुंबाच्या. त्या स्वयंपाकघरातल्याही आहेत. मग मी रेघ कुठे मारू? आजींच्या मधून?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "वाक्य तुमचंच आहे, आजी."

"माझंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं वाक्य आहे."

तर हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं झालं. दोन शेगड्या, दोन सिलिंडर, एका म्हातारीच्या पोटाचे हाल, आणि घर होतं तिथेच: एक कुटुंब, तीन ठिपके, प्रोबेशन. अर्ज पुढच्या शुक्रवारी जाणार. त्याआधी एक गुरुवार, आणि त्या गुरुवारी पाळी याच घराची. झाडायचं धाकटीने, नकाशाचा राहिलेला धडा थोरलीने. एवढा दिवस नीट गेला तर छकुलीचा अर्ज जाईल. नाही तर नाव कमी.

पाहुणे गेल्यावर धाकटी मागच्या खोलीत डबे आपटत बसली. तिला सगळ्यांचाच राग आला होता. थोरलीचा, सासूबाईंचा, शिट्टीबाईंचा, आणि दोन पुरुषांचा तर होताच, ते कामावर होते तरी. तेवढ्यात मुख्य स्वयंपाकघरातून छकुलीचा आवाज आला. ती मोठ्याने वाचत होती. मग काकूचा आवाज, "म्हणजे काय गं?" मग छकुली चिडली. मग बटाटे मांडल्याचा आवाज.

धाकटीने आणखी एक डबा आपटला, पण जरा हळू.

गुरुवारी धाकटी थोरलीच्या आधी तयार होऊन दारात उभी राहिली. नकाशाची काठी तिने स्वतःच्या काखेत घेतली. जुळ्यांना पुढे चालायला सांगितलं. आणि थोरलीचा हात धरला, मनगटापाशी, जत्रेत पोराचा धरावा तसा.

"जाऊबाई, आज कुणाचं ऑपरेशन, कुणाची मुलगी, कुणाचं काही असलं तरी आपण ऐकणार नाही. ऐकलं का?"

थोरली म्हणाली, ऐकलं. मनापासून म्हणाली. ती प्रत्येक वेळी मनापासूनच म्हणायची.

रस्त्यात जो तो भेटला. ब्रेडवाला भेटला, पोस्टातल्या बाई भेटल्या, दोन म्हातारे भेटले. हे सगळे लोक आजच कुठून उगवले, की रोजच असे उभे असतात आणि आपल्याला दिसत नाहीत, हे धाकटीला कळेना. थोरली तोंड उघडायच्या आत धाकटीच उत्तर द्यायची. बऱ्या आहेत. आई पण बऱ्या आहेत. तुम्ही बरे दिसता. निघालो. चपला शिवणाऱ्याची बायको समोरून आली तेव्हा धाकटीने दुरूनच विचारलं, दिसतंय ना आता? आणि ती हो म्हणेपर्यंत थोरलीला पलीकडच्या फुटपाथवर नेलं होतं.

पण लाँड्रीचं दुकान वाटेतच होतं. लाँड्रीवाला काउंटर सोडून बाहेर आला. "ताई, मुलीचा फोन आला होता," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलताच येईना.

थोरलीची पावलं थांबली. धाकटीने मनगट ओढलं. मनगट आलं, थोरली आली नाही. ओळखीची गोष्ट. आता ती पायरीवर बसणार, मग हा सांगणार, मग ती विचारणार, आणि तिकडे हॉलमध्ये शिट्टीबाई घड्याळाकडे बघून चिकटवायच्या ठिपक्यांचा कागद हातात घेणार. चिडून, रडकुंडीला येऊन धाकटीने नकाशाची काठी थोरलीच्या हातात कोंबली.

"तुम्ही जा. वर जाऊन धडा सुरू करा. यांचं मी ऐकते."

"तू?"

"मी ऐकते म्हटलं ना. पळा."

थोरली पळाली. तिला पळताना धाकटीने पहिल्यांदाच पाहिलं. चप्पल एक इकडे, एक तिकडे, काठी वर, जुळे मागे.

धाकटीने ठरवलं होतं, दोन वाक्यं ऐकायची आणि जायचं. लाँड्रीवाल्याने सांगितलं, मुलीला तिथे खोली मिळाली, पण घरमालकीण विचित्र आहे. धाकटी हं म्हणाली. मालकीण रात्री नळ बंद करते. धाकटी हं म्हणाली. मग त्याने सांगितलं, मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, मी परत येऊ का? आणि मी म्हटलं, नको. मी तिला नको कसं म्हटलं, ताई? आणि तो पायरीवर बसला. आता रडणाऱ्या माणसापुढे नुसतं उभं कसं राहायचं? धाकटी बसली. तिला स्वतःची मुलगी आठवली, जी अजून कुठेही गेली नव्हती. तिने विचारलं, मग ती काय म्हणाली?

हा प्रश्न विचारायला नको होता. त्याचं उत्तर मोठं होतं.

पायरीवरून ती उठली तेव्हा हॉलमध्ये झाडायची वेळ कधीच टळून गेली होती. झाडायची पाळी तिची होती. आयुष्यात न चुकलेली तिची पाळी, आणि नेमकी आज. ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. देवा, म्हणाली, मला काय शिक्षा करायची ती कर, पोरीला नको.

वर हॉल लख्ख झाडलेला होता. सतरंज्या जरा वाकड्या होत्या, पण अंथरलेल्या होत्या. एका जुळ्याच्या हातात सुपली होती, दुसरा केरात उभा होता. थोरली नकाशापुढे उभी राहून नदी दाखवत होती, झाडूच्या दांड्याने. नकाशाची काठी ती घाईत कुठेतरी विसरली होती.

शिट्टीबाई फळ्यापाशी होत्या, ठिपक्यांचा कागद त्यांच्या हातात. त्यांनी दारातल्या धाकटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग जमिनीकडे.

"झाडायची पाळी कोणाची होती?" त्यांनी विचारलं.

धाकटीने सांगायला तोंड उघडलं. खोटं ती बोलणार नव्हती. त्या घरात आता तेही कठीण झालं होतं.

"आमच्या घराची," थोरली नकाशापुढून म्हणाली, मागे वळूनही न बघता. "झाडलं की."

शिट्टीबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. ठिपका माणसाला नसतो, कुटुंबाला असतो, हे त्यांचंच म्हणणं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला.

"कुटुंबाने झाडलं म्हणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "जिना राहिलाय पण."

मुलांच्या रांगेत बसलेल्या छकुलीने इतका वेळ धरलेला श्वास सोडला. तो मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आला.

धाकटी झाडू घ्यायला नकाशापाशी गेली. थोरली द्यायला तयार नव्हती. नदी अजून समुद्राला मिळायची होती. मग तिने नदी घाईघाईने समुद्रात सोडली, झाडू धाकटीच्या हातात दिला आणि साऱ्या वर्गासमोर, ऐन धड्यात, खाली वाकून कुजबुजली, "मग काय म्हणाली गं त्यांची मुलगी?"

"आधी धडा संपवा, जाऊबाई," धाकटी दातओठ खात म्हणाली.

ती जिना झाडायला लागली. सांगण्यासारखं खूप होतं. ती घरमालकीण, तो नळ, ते नको म्हणणं, आणि शेवटी मुलीने काय उत्तर दिलं ते. वरून थोरलीचा आवाज येत होता, नदीवरून एका डोंगराकडे, डोंगरावरून कुणाच्या तरी आजोबांकडे. मूळ पदावर यायची काही चिन्हं नव्हती. धाकटी एक पायरी झाडायची आणि थांबून ऐकायची. हिचा धडा एकदाचा संपतोय कधी, असं तिला झालं होतं.